लोक अदालत आणि स्थायी लोक अदालत: नाव सारखं, पण समोर बसलेल्यांचे अधिकार वेगळे

राष्ट्रीय लोक अदालत वर्षातून साधारण चारदा, शनिवारी भरते. त्या दिवशी न्यायालयाच्या दालनांत टेबलं मांडलेली असतात. प्रत्येक टेबलामागे दोन-तीन माणसं, बाजूला फायलींचे गठ्ठे आणि दाराशी नावं पुकारणारा शिपाई. पक्षकार समोर येतो आणि सवयीनं म्हणतो, "साहेब, आता काय तो निकाल तुम्हीच द्या." पहिली गल्लत इथेच होते. त्या टेबलामागच्या माणसांना निकाल द्यायचा अधिकारच नाही. जवळपास तेच नाव असलेली दुसरी एक सेवा आहे, स्थायी लोक अदालत. तिथल्या तिघांना मात्र तडजोड फसली तर निकाल देता येतो, आणि त्या निकालावर अपीलही नाही.

दोन्ही सेवा एकाच कायद्यातल्या आहेत, विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही ठिकाणचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतका पक्का असतो. तरी त्यांना एका मापानं मोजता येत नाही. समोर कोण बसलंय, त्याला कुणी नेमलंय आणि त्याच्या हातात काय आहे, हे कळलं की कुठली सेवा आपल्या कामाची आणि कुठे जपून राहायचं, ते आपोआप कळतं.

आधी नेहमीची लोक अदालत

कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पॅनेलवर सेवेतले किंवा निवृत्त न्यायिक अधिकारी आणि त्या भागातल्या 'इतर व्यक्ती' असतात. या इतर व्यक्ती कोण, ते राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या २००९ च्या विनियमांत सांगितलंय: वकिली व्यवसायातला एक सदस्य, दुर्बल घटकांसाठी काम करणारा नावाजलेला सामाजिक कार्यकर्ता, किंवा दोघंही. त्यांची पात्रता राज्य सरकार उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींशी विचारविनिमय करून ठरवतं. अदालत भरवण्याचं काम जिल्ह्यात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण करतं, त्याचे अध्यक्ष प्रमुख जिल्हा न्यायाधीश. तालुक्याला तालुका विधी सेवा समिती, तिचे अध्यक्ष तिथले सर्वांत ज्येष्ठ न्यायिक अधिकारी. कुठल्या टेबलाला कुठली प्रकरणं द्यायची, हे प्राधिकरणाचे सचिव ठरवतात.

विनियमांत या सदस्यांची भूमिका स्पष्ट लिहिली आहे. ते कायद्यानं नेमलेले समेट घडवणारे आहेत, त्यांना न्यायिक भूमिका नाही, आणि त्यांनी कुणावरही थेट किंवा आडून दबाव आणायचा नाही. स्पर्धेचा परीक्षक दोघांचं सादरीकरण पाहून गुण देतो, न्यायाधीश पुरावा तोलून निकाल देतो; पॅनेलला यातलं काहीच करता येत नाही. त्यांनी दोघांचं ऐकायचं, मधला रस्ता सुचवायचा आणि दोघं 'हो' म्हणाले तरच ते कागदावर उतरवायचं. पॅनेलवरचे न्यायाधीश आदल्या दिवशी दुसऱ्या कोर्टात मोठमोठे निकाल देत असतील, पण या टेबलावर त्यांचं मत हे फक्त सल्ला असतं.

सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध जलौर सिंग या प्रकरणात हे ठणकावून सांगितलं. तिथे लोक अदालतीनं दोन्ही बाजूंची संमती नसताना अपघाताची भरपाई आपणच वाढवून दिली होती. लोक अदालतीला न्यायनिवाड्याचा अधिकार नाही, तडजोड झाली तरच निवाडा, नाहीतर प्रकरण जसंच्या तसं मूळ कोर्टात परत, असं न्यायालयानं म्हटलं. त्यामुळे टेबलावर कुणी "आम्ही ठरवलंय, सही करा" अशा सुरात बोललं, तर "आम्हाला मान्य नाही, प्रकरण कोर्टात परत पाठवावं" एवढं एकच वाक्य पुरे. नकार दिल्याचा कोर्टातल्या खटल्यावर काही परिणाम होत नाही. कलम २० प्रमाणे मूळ कोर्ट प्रकरण ज्या टप्प्यावर थांबलं होतं तिथूनच पुढे नेतं.

दबाव कुठून येतो, तेही सांगायला हवं. राष्ट्रीय लोक अदालतीच्या एका दिवसात देशभरात कोटीच्या घरात प्रकरणं निकाली निघाल्याचे आकडे जाहीर होतात. त्यात ई-चलान, घरपट्टी-पाणीपट्टी, बँकांची दाखलपूर्व (अजून कोर्टात न गेलेली) प्रकरणं यांचा वाटा मोठा असतो. ही प्रकरणं दोन मिनिटांत मिटतात आणि मिटायलाच हवीत. पण त्याच रांगेत भाऊबंदकीचा वाटपाचा दावा किंवा मृत्यूच्या भरपाईचं प्रकरण असेल, तर त्याला दोन मिनिटं पुरत नाहीत. सेवेतला सर्वांत मोठा दोष हाच. वेग सगळ्यांना एकसारखा लावला जातो.

यावर उपाय सोपा आहे, पण तो फार कमी लोक करतात. मोठ्या शनिवारच्या आधी पूर्वबैठका होतात. आपलं प्रकरण यादीत आहे असं कळलं की वकिलांना किंवा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारून त्यात वेळ मागावा. आकडा, हप्ते, कागदपत्रं सगळं तिथे बसून ठरवावं. शनिवारी फक्त वाचून सही करायची. पूर्वबैठकीत न ठरलेलं गुंतागुंतीचं प्रकरण शनिवारच्या गर्दीत नीट ठरेल, ही अपेक्षा धरू नये.

प्रकरण तिथे पोचतं कसं? कोर्टात चालू असलेलं प्रकरण तीन वाटांनी जातं: दोन्ही पक्षकार मान्य करतात, एकानं अर्ज केला आणि तडजोडीची शक्यता आहे असं कोर्टाला सकृद्दर्शनी वाटलं, किंवा कोर्टालाच प्रकरण योग्य वाटलं. शेवटच्या दोन वाटांत दुसऱ्या बाजूचं म्हणणं ऐकून घेणं बंधनकारक आहे. कोर्टात न गेलेला वाद असेल तर साध्या कागदावर अर्ज करायचा. त्यात दोघांची नावं-पत्ते, वाद काय, किती रकमेचा आणि सोबत कागदपत्रांच्या झेरॉक्स. तो तालुका समितीत किंवा जिल्हा प्राधिकरणात द्यायचा, फी नाही. कुठे जायचं कळत नसेल तर १५१०० हा विधी सेवेचा दूरध्वनी क्रमांक आहे.

दाखलपूर्व अर्ज करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. अर्ज दिला म्हणून मुदत थांबत नाही. दुसरी बाजू नोटिशीला उत्तर देत नाही, एक लोक अदालत जाते, मग पुढची, आणि दरम्यान दावा दाखल करायची मुदत निघून जाते. धनादेश न वटण्याच्या प्रकरणात तर हे फार घातक आहे. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे द्यायला, आणि ते संपल्यावर एक महिन्याच्या आत फिर्याद. या साखळीत कुठेही 'लोक अदालतीत अर्ज केला होता' हे कारण आपसूक चालत नाही. मुदत जवळ असेल तर आधी फिर्याद किंवा दावा दाखल करावा आणि मग तोच लोक अदालतीत ठेवायला सांगावा.

काय जातं आणि काय जात नाही, तेही बघावं. तडजोडीस अपात्र असलेला फौजदारी गुन्हा इथे येऊच शकत नाही. वैवाहिक वादांपैकी घटस्फोट राष्ट्रीय लोक अदालतीच्या विषयांत धरत नाहीत. पोटगी, मुलांच्या भेटी, स्त्रीधन यांवर मात्र समेट होतो आणि बरेचदा चांगला होतो. मोटार अपघात, चेक, बँक वसुली, भूसंपादनाचा वाढीव मोबदला, भाडं, वीज आणि पाण्याची बिलं ही या सेवेची खरी ताकद आहे.

अपघाताच्या प्रकरणात टेबलावर बसण्याआधी

या एका प्रकारावर थोडं जास्त थांबतो, कारण सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं. विमा कंपनीचा माणूस आकडा सांगतो, पॅनेल म्हणतं "बरा आहे, घ्या", आणि घरातला कर्ता माणूस गेलेलं कुटुंब सही करतं. तो आकडा बरा आहे की नाही हे कळायला दहा मिनिटांचं गणित पुरतं आणि ते घरून करून यावं.

समजा, वय ३४, स्वतःचा छोटा धंदा, महिन्याचं सिद्ध करता येईल असं उत्पन्न १५,००० रुपये. मागे पत्नी, दोन मुलं आणि आई. वर्षाचे झाले १,८०,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे स्वतःचा व्यवसाय असलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात भविष्यातल्या वाढीसाठी ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २,५२,०००. चार ते सहा अवलंबित असतील तर मृताच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा, उरले १,८९,०००. आता २००९ च्या सरला वर्मा निकालातला गुणक: ३१ ते ३५ वयाला १६. गुणाकार केला की ३०,२४,०००. त्यावर सहचर्य (जवळच्या माणसाची साथ गमावल्याबद्दल), अंत्यविधी आणि मालमत्तेच्या हानीच्या ठरीव रकमा, आणि अर्ज दाखल झाल्यापासूनचं व्याज वेगळं.

हा आकडा टेबलावर पूर्ण मिळेलच असं नाही. चालकाकडे परवाना नव्हता, मृताचीही चूक होती, उत्पन्नाचा पुरावा कच्चा आहे, असे मुद्दे असतील तर आकडा खाली येतो आणि तो किती यावा यावर खरी चर्चा व्हायला हवी. पण असे मुद्दे नसताना ३० लाखांच्या जागी १८ लाखांचा प्रस्ताव आला, तर "व्याजासह एकरकमी, लगेच" हे शब्द ऐकून भुलू नये. लगेच मिळण्याची किंमत असते हे खरं. ती किंमत किती मोजायची, हे कुटुंबानं ठरवावं. पॅनेलवर मोटार अपघात न्यायाधिकरणाचं काम केलेले निवृत्त न्यायाधीश असले तर हे गणित ते स्वतःच मांडतात आणि कंपनीलाही वर ओढतात. तसा सदस्य आहे की नाही, हे आधी विचारून घेण्यात गैर काही नाही.

वारसांत अज्ञान (कायद्यानं सज्ञान न झालेलं) मूल असेल तर आणखी एक पायरी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३२, नियम ७ प्रमाणे अज्ञान व्यक्तीच्या वतीनं तडजोड करायला कोर्टाची परवानगी लागते. ती नसेल तर मूल मोठं झाल्यावर ती तडजोड रद्द करून मागू शकतं. परवानगीचा अर्ज लोक अदालतीच्या आधी मूळ न्यायाधिकरणात द्यावा, टेबलावर आठवला तर उशीर झालेला असतो.

दुसऱ्या बाजूनं कोण आलंय, हेही पाहावं. विमा कंपनी किंवा बँकेनं पाठवलेल्या माणसाला किती रकमेपर्यंत हो म्हणायचा अधिकार आहे, ते पहिल्या मिनिटाला विचारावं आणि अधिकारपत्र पाहावं. "वरिष्ठांना विचारून सांगतो" असं उत्तर आलं, तर त्या दिवशी निवाडा होणार नाही. उगाच आपला खालचा आकडा तोंडातून काढू नये.

कागदावर काय उतरतं

लोक अदालतीत न्यायाधीश निकाल लिहीत नाही, तुमची तडजोडच निवाडा होते. म्हणून पुरसिशीतला, म्हणजे तडजोड लिहून कोर्टात देतात त्या लेखी निवेदनातला, एकेक शब्द मोलाचा. चेकच्या प्रकरणातल्या पुरसिशीत नेहमी दिसणारा मजकूर असा असतो:

"उभय पक्षांत आपसात तडजोड झाली असून आरोपी हा फिर्यादीस एकूण रु. १,८०,००० हप्त्याने देण्यास तयार आहे. सबब प्रकरण निकाली काढण्यात यावे."

यात जवळपास सगळंच चुकलंय. 'तयार आहे' म्हणजे इच्छा झाली, देणं लागू झालं नाही. हप्ता किती, कोणत्या तारखेला, कुठे भरायचा, याचा पत्ता नाही. हप्ता चुकला तर काय, ते नाही. दोघांमध्ये दुसरा दावा किंवा पोलीस तक्रार असेल तर तिचं काय, ते नाही. आरोपीनं दिलेले बाकीचे कोरे चेक कुणाकडे राहणार, तेही नाही.

त्याच व्यवहाराचा वापरता येईल असा मजकूर:

"आरोपी फिर्यादीस रु. १,८०,००० (अक्षरी रुपये एक लाख ऐंशी हजार फक्त) सहा समान मासिक हप्त्यांत, प्रत्येकी रु. ३०,००० प्रमाणे, दर महिन्याच्या १० तारखेपर्यंत फिर्यादीच्या खाली नमूद बँक खात्यात जमा करील. कोणतेही दोन हप्ते थकल्यास उर्वरित संपूर्ण रक्कम तात्काळ देय होईल व तीवर थकल्याच्या तारखेपासून द. सा. द. शे. ९ टक्के दराने व्याज देय राहील. संपूर्ण रक्कम मिळाल्यापासून सात दिवसांत फिर्यादी त्याच्याकडील आरोपीचे सर्व चेक (क्रमांक खाली नमूद) परत करील."

पहिल्या हप्त्याची तारीख, खाते क्रमांक आणि चेकचे क्रमांक भरले की हा मजकूर उद्या दरखास्तीत (निवाड्याची अंमलबजावणी मागणाऱ्या अर्जात) जसाच्या तसा चालतो. व्याजाचा दर, थकलेल्या हप्त्यांची संख्या हे दोघांनी ठरवायचं. मुद्दा एवढाच की ते लिहिलेलं असावं.

चेकच्या प्रकरणात आणखी एक जोखीम आहे. निवाडा झाला की फौजदारी प्रकरण संपतं. नंतर आरोपीनं पैसे बुडवले तर तुरुंगाचा धाक गेलेला असतो. के. एन. गोविंदन कुट्टी मेनन प्रकरणात २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की फौजदारी न्यायालयाकडून आलेल्या चेक प्रकरणातला लोक अदालतीचा निवाडासुद्धा दिवाणी हुकूमनामा मानून वसूल करता येतो. मार्ग आहे, पण तो दरखास्त, जप्ती, हजेरी असा लांबचा. म्हणून जाणते वकील हप्त्यांच्या तडजोडीत दोनपैकी एक करतात: बरीचशी रक्कम त्याच दिवशी हातात घेतात, किंवा तडजोडीच्या अटी कोर्टात नोंदवून प्रकरण चालू ठेवतात आणि शेवटचा हप्ता आल्यावर पुढच्या लोक अदालतीत निवाडा घेतात. दुसरा रस्ता आकडेवारीला फारसा उपयोगाचा नाही, त्यामुळे टेबलावरून त्याचा आग्रह होत नाही. पक्षकाराला मात्र तो बहुतेक वेळा फायद्याचा असतो.

बँकेच्या थकीत कर्जाची एकरकमी तडजोड करताना रकमेपेक्षा पुढच्या तीन गोष्टी मागून घ्याव्यात आणि निवाड्यात लिहून घ्याव्यात: बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असा) किती दिवसांत, तारण ठेवलेली मूळ कागदपत्रं किती दिवसांत, आणि सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर बोजा असेल तर तो कमी करण्याचं पत्र कधी. बँकेनं काही रक्कम सोडली असेल तर सिबिलच्या अहवालात खातं 'क्लोज्ड' न होता 'सेटल्ड' असं दिसतं आणि पुढचं कर्ज घेताना ते आडवं येतं. लवकरच घर घ्यायचा विचार असेल, तर थोडे जास्त भरून पूर्ण परतफेड करणं परवडतं का, हे आधी पाहावं.

जमिनीच्या दाव्यात एक चूक वारंवार होते. दावा एका गटाचा असतो, पण बसल्या बैठकीत "तो दुसरा गटही मिटवून टाकू" म्हणून तोही पुरसिशीत घातला जातो. नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे दाव्याच्या विषयात नसलेली स्थावर मिळकत तडजोडीच्या हुकूमनाम्यात आली, तर त्या भागाला नोंदणीची सूट मिळत नाही. मग नोंदणी आणि मुद्रांक शुल्काचा घोळ होतो आणि तलाठ्याकडे फेरफार अडकतो. दाव्यातली मिळकतच पुरसिशीत ठेवावी, बाकीची वेगळ्या नोंदणीकृत दस्तानं मिटवावी.

सही वकिलाची असली तरी पक्षकारानं स्वतः हजर राहून करावीच. निवाड्यावर अपील नाही, कलम २१ तसं स्पष्ट म्हणतं. संमतीच नव्हती किंवा फसवणूक झाली, असं असेल तरच उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद २२६ आणि २२७ खाली रिट, तीही फार अरुंद कारणांवर. वेगळा दिवाणी दावा लावून निवाडा रद्द करून मागता येत नाही. "नीट वाचलं नव्हतं" हे कारण तिथे टिकत नाही.

आता स्थायी लोक अदालत

ही २००२ च्या दुरुस्तीनं कायद्यात आली, कलमं २२ अ ते २२ ई. हिची रचना वेगळी आहे आणि माझ्या मते ती जास्त विचारपूर्वक केलेली आहे. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश किंवा अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश असलेला, राहिलेला, किंवा त्याहून वरच्या न्यायिक पदावरचा. सोबत दोन सदस्य, आणि त्यांना सार्वजनिक उपयुक्तता सेवांचा पुरेसा अनुभव हवा. या दोघांची नावं राज्य प्राधिकरणाच्या शिफारशीवरून सरकार सुचवतं आणि नेमणूक प्राधिकरण करतं. तिघं एक दिवसासाठी जमलेले नसतात, हे कायमचं पीठ असतं. निवाडा बहुमतानं होतो.

सेवांची यादी कायद्यातच आहे: प्रवासी आणि मालवाहतूक, टपाल-दूरध्वनी, वीज, पाणीपुरवठा, स्वच्छता, दवाखाने-रुग्णालयं आणि विमा. सरकार अधिसूचना काढून भर घालू शकतं. वाद यादीत बसतो की नाही, ते प्राधिकरणाच्या कार्यालयात विचारावं. वादाची रक्कम १ कोटीपर्यंत. वाद अजून कुठल्याही कोर्टात गेलेला नसावा. दावा लावून झाल्यावर इथे येता येत नाही, आणि इथे अर्ज केल्यावर त्याच वादासाठी कोर्टातही जाता येत नाही. म्हणून अर्ज करण्याआधी नीट ठरवावं.

पायऱ्या अशा: अर्ज आणि कागदपत्रं, मग दुसऱ्या बाजूचं लेखी म्हणणं, गरज पडल्यास त्यावर पुन्हा उत्तर, मग समेटाचा प्रयत्न. तडजोडीची शक्यता दिसली तर पीठ स्वतः अटींचा मसुदा करून दोघांना देतं. तो मान्य झाला तर निवाडा. नाही झाला आणि वाद कुठल्या गुन्ह्याशी संबंधित नसेल, तर कलम २२ क च्या पोटकलम ८ खाली पीठ स्वतः निर्णय देतं. दिवाणी प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा त्याला बांधत नाहीत. नैसर्गिक न्याय आणि समन्याय ही त्याची मापं.

याच निर्णयाच्या अधिकारावर आक्षेप घेतले गेले. बार कौन्सिलच्या याचिकेत २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही कलमं वैध ठरवली. २०२२ च्या कॅनरा बँक विरुद्ध जी. एस. जयराम निकालात दोन गोष्टी स्पष्ट झाल्या: पिठाला निर्णयाचा अधिकार आहे, आणि समेटाची पायरी टाळून थेट निर्णयावर जाता येत नाही, अगदी दुसरी बाजू हजरच झाली नाही तरी. व्यवहारात निवाडे अडकतात ते इथेच. कंपनी येत नाही, पीठ एकतर्फी निर्णय देतं, समेटाच्या अटी मांडल्याची नोंदच नसते, आणि कंपनी उच्च न्यायालयात जाऊन निवाडा रद्द करून आणते. अर्जदारानं स्वतः लक्ष ठेवावं: "समेटाच्या अटी तयार करून विरुद्ध पक्षास पाठविल्या" अशी नोंद रोजनाम्यात (प्रत्येक तारखेच्या कामकाजाच्या नोंदवहीत) झाली का, ते तारखेला विचारावं. नसेल तर तसा अर्ज द्यावा. दोन तारखा जास्त लागतील, पण निवाडा टिकेल.

विम्याचा नाकारलेला दावा, वाढीव वीजबिल, रुग्णालयाच्या बिलाचा वाद, वाहतुकीत हरवलेला माल, यांना ही सेवा चपखल आहे. ज्यांचा वाद कागदपत्रांवर सिद्ध होतो त्यांनी इथेच यावं. जिथे साक्षीदारांची उलटतपासणी आणि तज्ज्ञाचा सखोल पुरावा लागणार, उदाहरणार्थ उपचारातल्या निष्काळजीपणाचा गंभीर आरोप, तिथे ग्राहक आयोग किंवा दिवाणी कोर्ट बरं. अपील नसणं हे जिंकणाऱ्याला जेवढं सोयीचं, तेवढंच हरणाऱ्याला महाग पडतं, आणि आपण कोणत्या बाजूला असू हे अर्ज करताना कुणालाच ठाऊक नसतं.

निवाडा हातात आल्यावर

दोन्हीकडे निवाड्याची प्रमाणित प्रत फुकट मिळते. नेहमीच्या लोक अदालतीत ती त्याच दिवशी किंवा लवकरच मागावी आणि चार गोष्टी तपासाव्यात: नावांचं स्पेलिंग, रक्कम आकड्यात आणि अक्षरात एकच आहे का, पॅनेलच्या सह्या, आणि पुरसीस निवाड्याचा भाग म्हणून जोडली आहे का. पुरसीस जोडायची राहिली आणि निवाड्यात फक्त 'तडजोडीप्रमाणे निकाली' असं एक वाक्य असलं, तर दरखास्त लावताना अडचण होते. चूक दिसली की लगेच त्याच कार्यालयात अर्ज द्यावा, सदस्य बदलल्यावर दुरुस्ती अवघड होते.

पैसे आले नाहीत तर दिवाणी न्यायालयात दरखास्त लावायची. स्थायी लोक अदालत आपला निवाडा स्वतःच स्थानिक अधिकारिता असलेल्या दिवाणी न्यायालयाकडे पाठवू शकते, तसा अर्ज तिथेच द्यावा.

राहिली कोर्ट फी. कलम २१ प्रमाणे लोक अदालतीत मिटलेल्या दाव्याची भरलेली फी परत मिळते आणि लाखांच्या दाव्यात ही रक्कम छोटी नसते. ती आपोआप खात्यात येत नाही. निवाड्याच्या शेवटी 'न्यायालय शुल्क नियमानुसार परत करण्यात यावे' हे वाक्य आहे का, ते सही करतानाच पाहावं. मग मूळ कोर्टातून परताव्याचा दाखला घ्यायचा आणि तो जिल्हाधिकारी कार्यालयात सादर करायचा. दाखल्यावर फी भरल्याची तारीख आणि रक्कम दाव्यातल्या नोंदीशी जुळली नाही तर अर्ज परत येतो, म्हणून फी भरल्याच्या पावतीची झेरॉक्स पहिल्या दिवसापासून फाईलमध्ये ठेवावी.